मसल कारला 'सगळ्यात कडक' शॉकअप टाका, हा सल्ला देणं थांबवा

नाना डिअरबॉर्नकर

काल आपल्या मसल कारवेड्यांच्या (जुन्या, दमदार इंजिनच्या अमेरिकन गाड्या) गटात एकाने लिहिलं: "१९६७ ची मस्टँग घेतलीय? डोळे मिटून बाजारातले सगळ्यात कडक गॅसचे शॉकअप टाका. गाडी रस्त्याला चिकटते." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातल्या दोघांनी याच वर्षी पहिली जुनी गाडी घेतली आहे. ती मुलं उद्या पैसे घालवतील म्हणून सविस्तर लिहितोय.

शॉकअप गाडी पेलत नाही. वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते, ती उसळी शमवायची एवढंच शॉकअपचं काम. म्हणजे स्प्रिंग किती कडक आहे हे कळल्याशिवाय शॉकअप ठरवताच येत नाही. २८९ घनइंच इंजिनच्या साध्या मस्टँगची पुढची स्प्रिंग मऊ असते. तिच्यावर कडक शॉकअप बसवला की दबलेली स्प्रिंग वेळेत उघडतच नाही. आमच्या मिशिगनमधल्या आय-९४ हायवेवर काँक्रीटचे सांधे ठराविक अंतराने येतात. एका सांध्यातून गाडी सावरायच्या आत दुसरा येतो, गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आपटते. त्या क्षणी चाक रस्त्याला चिकटलेलं नसतं, उडत असतं.

हे मी भोगलंय. १९९८ साली गाडी घेतली आणि असाच सल्ला ऐकून एका नावाजलेल्या कंपनीचे सगळ्यात कडक चारही शॉकअप टाकले. त्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दोन मैल गेलो असू, बाबा म्हणाले, "गाडी बाजूला घे." खाली वाकून मागे बघितलं आणि म्हणाले, "शॉकअपला का मारतोस? पाटे मेलेत तुझे." खरंच पाटे, म्हणजे मागच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सपाट झाले होते, पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या शॅकलच्या रबरी बुशचा भुगा झाला होता. शॉकअप बदलून मी भलत्याच दुखण्यावर औषध करत होतो.

आधी बुश, मग पाटे आणि स्प्रिंग, मग टायर. शॉकअप सगळ्यात शेवटी. रस्त्यावर फिरवायच्या गाडीला मध्यम कडक, कमी दाबाच्या गॅसचे दुहेरी नळीवाले (एका नळीत दुसरी नळी) पुरतात.

कडकनाथ

तो सल्ला माझा होता, नाना. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

माझ्याकडे १९६७ चीच फास्टबॅक आहे, पण ३९० बिग ब्लॉकची, म्हणजे मोठ्या, जड इंजिनची. नाकावर एवढं लोखंड असताना तुमचे मध्यम शॉकअप लावून मी एक उन्हाळा काढला. ब्रेक मारला की नाक जमिनीला, एक्झिटच्या वळणावर गाडी होडीसारखी डोलायची. एकदा शेजारच्या लेनमधल्या ट्रककडे सरकली तेव्हा बायको किंचाळली होती. त्या दिवशी ठरवलं, आराम गेला खड्ड्यात.

आणि तंत्राचंच बोलायचं तर दुहेरी नळीत तेलाच्या डोक्यावरच गॅस असतो. सलग खड्डे आले की दोन्ही घुसळून फेस होतो आणि शॉकअप काम करायचा थांबतो. एकेरी नळीत तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो. बिल्स्टाइनने हे पन्नासच्या दशकातच मर्सिडीजसाठी करून दाखवलं. १९६५ च्या जीटी ३५० ला, म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेल्या मस्टँगला, शेल्बीने कोनी कंपनीचे शॉकअप घातले ते काय आजीबाईंना मंदिरात न्यायला?

नाना डिअरबॉर्नकर

शेल्बीचं उदाहरण पूर्ण सांगा की. त्या गाडीचा पुढचं चाक धरणारा वरचा कंट्रोल आर्म एक इंच खाली घेतला होता, वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बार जाड होता, मागे अ‍ॅक्सल धरायला ट्रॅक्शन बार होते. एवढं झाल्यावर कोनी. तेही कमीजास्त करता येणारे, सगळ्यात कडक करून सोडून दिलेले नव्हेत. लाल कोनी ज्याने हाताने फिरवलेत त्याला माहीत आहे: गाडीतून काढायचा, पूर्ण दाबायचा, मग दांडा फिरवायचा, आणि त्याने फक्त उघडतानाचा विरोध बदलतो. एवढा खटाटोप माणूस करतो तो गाडीप्रमाणे माप जुळवायला.

फेसाचा मुद्दा बरोबर आहे. पण म्हणूनच हल्लीच्या दुहेरी नळीत नायट्रोजन दाबाने भरतात, आणि रविवारी तीस मैल फिरणाऱ्या गाडीत तेल एवढं घुसळत नाही. एकेरी नळीच्या दाबाचाही हिशेब करा. आत ३०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब आणि दांडा अर्ध्या इंचाचा असेल तर तो दांडा न थांबता सुमारे ६० पौंडांनी बाहेर ढकलला जातो. मऊ स्प्रिंगच्या गाडीचं नाक त्याने थोडं वर येतं. मग लोक म्हणतात, "नवे शॉकअप टाकले आणि चाकांचं अलाइनमेंट बिघडलं."

चेव्हेलवाली

अलाइनमेंटचं निघालंच आहे तर सांगते, कारण यात माझे दीड वर्ष आणि बरेच डॉलर गेले.

१९७० ची शेव्रोले चेव्हेल, ह्यूस्टन. मागे कॉइल स्प्रिंग आहेत, पाट्यांचा प्रश्नच नाही. हायवेवर गाडी भरकटायची. सगळ्या दादालोकांनी एकच सांगितलं, "शॉकअप". मी दोन वेगळे सेट टाकले. काडीचाही फरक नाही. आईला घेऊन ऑस्टिनला गेले, ती बिचारी दाराचं हँडल सोडायला तयार नव्हती.

नंतर कळलं की अलाइनमेंटवाल्याने जुन्या पुस्तकातले आकडे लावले होते. ते आकडे बायस-प्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी होते. माझ्याकडे रेडियल. कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा मागे कल) दोन अंशांच्या वर नेला, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्याच्या किंचित खाली, आणि त्याच शॉकअपवर गाडी सरळ चालायला लागली. मी बोनेटवर डोकं टेकवून रडले होते तेव्हा. तेव्हा कडक की मऊ यावर भांडण्याआधी चाकं कुठे बघताहेत ते बघा.

मोपारप्रेमी

ताई, सहमत. पण नाना, मला खटकलं ते पाट्यांचं. तुम्ही पाट्यांचं पुढे काय केलंत? सपाट पाट्यांना पुन्हा कमान चढवून घेतलीत ना?

नाना डिअरबॉर्नकर

हो. बाबांनी सांगितलं तशी एका ट्रकवाल्या दुकानातून कमान चढवून घेतली. बुश आणि यू-बोल्ट नवे. गाडी दीड इंच वर आली.

मोपारप्रेमी

इथेच चूक होते सगळ्यांची. थंडपणी ठोकून चढवलेली कमान बसते. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा सपाट. उष्णता देऊन, पाणी देऊन, पुन्हा टेम्पर केलं तरच टिकते आणि ते करणारी दुकानं आता फार थोडी. नवे पाटे घ्यावेत. माझ्या चार्जरला मी तेच केलं.

आणि सगळे पाटे सारखे नसतात. आमच्या मोपारमध्ये (क्रायस्लर कंपनीच्या गाड्या) अ‍ॅक्सल पाट्याच्या मधोमध बसतच नाही. पुढचा भाग आखूड आणि ताठ असतो, त्यामुळे जोर दिल्यावर पाटा पिळवटत नाही. कमॅरोवाल्यांना विचारा. १९६७ ला एकाच पट्टीचा पाटा दिला होता, जोर दिला की मागची चाकं थयथयाट करायची. १९६८ ला शेव्रोलेने एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला. एसटीच्या पाट्यांचा अनुभव इथे लावू नका. बसचे पाटे वेगळे, हे वेगळं.

नाना डिअरबॉर्नकर

माझ्या वडिलांनी तीस वर्षं घाटात चालणाऱ्या गाड्यांचे पाटे हाताने बसवले. एक पाटा तुटला तर पन्नास माणसं दरीत. पाटा म्हणजे पाटा, पोलाद म्हणजे पोलाद. तुम्ही पेटीतून नवा काढून बोल्ट पिळलात, तेवढ्यावर त्यांचा अनुभव बाद करू नका.

मोपारप्रेमी

मी त्यांचा अपमान केला नाही. पोलादाबद्दल बोलतोय. तुमची गाडी आज मागून किती उंच आहे? फेंडरच्या कडेपासून हबच्या मध्यापर्यंत मोजा आणि इथे आकडा लिहा.

ओमकार_कूपे

नमस्कार. मी त्या अंगठा देणाऱ्यांपैकी एक. :) माझी १९६६ ची कूपे, २८९, मागे थोडी बसलेली. मी हवा भरायचे शॉकअप मागवलेत, मागची बाजू उचलायला. चालेल ना?

कडकनाथ

नको! यावर मी नानांच्या बाजूने आहे, लिहून ठेवा. हवेच्या शॉकअपने मागचं वजन त्याच्या वरच्या टोकावर येतं. मस्टँगमध्ये ते टोक डिकीच्या आतल्या पत्र्याला आहे. तो पत्रा हिसके झेलायला केलाय, गाडी तोलायला नाही. माझ्या मित्राच्या गाडीत तिथे चीर गेली होती, वर मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ आणि गंज. परत पाठव.

नाना डिअरबॉर्नकर

ओमकार, ऐक त्याचं. डिकीतलं झाकण काढून तो पत्रा आधी बघ. पुढे शॉक टॉवरलाही (पुढच्या शॉकअपचं वरचं टोक धरणारा पत्र्याचा उभा भाग) चिरा आहेत का पाहा. तिथे टॉवरवरचा ब्रॅकेट सोडला की शॉकअप वरूनच निघतो, स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

कडकनाथ, तुझ्या ३९० ला पुढे स्प्रिंग कुठली आहे?

कडकनाथ

आधीच्या मालकाने बदललेली. काल रात्री दिवा घेऊन बघितलं. बिग ब्लॉकचीच आहे, पण खालून एक वेटोळं कापलंय.

नाना डिअरबॉर्नकर

कापल्यावर उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते. तुझ्या कडक स्प्रिंगला कडक शॉकअप जुळला, म्हणून तुझा अनुभव चांगला. ओमकारच्या मूळ मऊ स्प्रिंगला तोच लावला असता तर दात हलले असते.

कडकनाथ

ठीक. "डोळे मिटून" हे शब्द मी मागे घेतो आणि गटातही तसं लिहितो. माझा सल्ला माझ्या गाडीपुरता होता. पण एकेरी नळी सोडणार नाही, आणि बिग ब्लॉकवाल्याला मध्यम शॉकअप पुरतात हे मला कुणी सांगू नये.

नाना डिअरबॉर्नकर

बिग ब्लॉकबद्दल मी लिहिलंच नव्हतं, हे माझं चुकलं. तेवढं मान्य.

चेव्हेलवाली

ओमकार, टायर रेडियल आहेत का ते अजून सांगितलं नाहीस.

ओमकार_कूपे

रेडियल आहेत ताई. अलाइनमेंट कुठल्या आकड्यांवर केलंय ते उद्या विचारतो. शॉकअप परत पाठवले. शॅकलचे बुश मागवतोय.

मोपारप्रेमी

नाना, मागची उंची?

नाना डिअरबॉर्नकर

मोजली. डावीकडे पाऊण इंच बसलीय. उजवी जागेवर आहे.

मोपारप्रेमी

म्हणजे बसली.

नाना डिअरबॉर्नकर

पंचवीस वर्षांत पाऊण इंच, तेही ड्रायव्हरच्या बाजूला. तुम्ही दोन वर्षं म्हणाला होता. पाटे मी बदलणार नाही.