मदत हवी आहे: खलाशी व्हिसा, २००१ चा अर्ज आणि हरवलेली पावती

मंडळी, जर्सी सिटीत आईची काळजी घेणारे फिलिपिनो काका १९९९ मध्ये खलाशी व्हिसावर आले, ते राहिलेच. मुलगी इथली नागरिक, २१ पूर्ण. पण खलाश्यांना तिच्या अर्जावरही इथे राहून ग्रीन कार्ड नाही, आणि देश सोडला की १० वर्षांची बंदी.

वाट एकच दिसते, २४५(आय), म्हणजे जुना अर्ज असलेल्यांना दंड भरून इथे राहूनच ग्रीन कार्ड मिळू देणारं कलम. त्यांच्या नागरिक भावाने मार्च २००१ मध्ये, ३० एप्रिलच्या मुदतीआधी, आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरला होता. तेव्हा ते इथेच होते हे दाखवायला डिसेंबर २००० चा घरभाड्याचा करार आहे. हजार डॉलर दंडही भरतील. भाऊ मात्र वारला, पावती हरवली. एका वकिलाने कागद न बघताच नाही म्हटलं. सरकारकडून जुनी फाइल मागवायची तर पत्ता कळेल, ही धास्ती (सध्याच्या दिवसांत चूक तरी कशी म्हणू?).

भावाच्या त्या अर्जाच्या आधारावर मुलीच्या नव्या अर्जाला २४५(आय) लागू होतं का? आणि पावतीऐवजी कोणता पुरावा चालतो?