दुःखाच्या घरी पहिली प्रार्थना कोणती? तक्रारीची की उपकारस्तुतीची?

पिंपळपार
घरात मृत्यू झाला की आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बहुतेक वेळा पहिल्याच सांत्वन सभेत बायबलमधलं रोमकरांस ८:२८ वाचतात. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्याच होतात, या आशयाचं ते वचन. मग दोन स्तुतिगीतं होतात आणि घरच्यांनी साक्ष द्यावी, म्हणजे देवाने कसं सांभाळलं ते सांगावं, अशी वाट पाहिली जाते. माझं म्हणणं, पहिले काही आठवडे हे वचन मिटून ठेवा आणि स्तोत्र १३ उघडा.

सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत देवाला 'कोठवर?' असं चार वेळा विचारलंय, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. एकाने सावकाश वाचावं. दुसऱ्या वचनानंतर निदान दोन मिनिटं थांबावं. घरच्या माणसाला आपलं 'कोठवर' बोलायचं असेल तर बोलू द्यावं, नसेल तर त्याच्या वतीने कोणी बोलू नये. पाचवं-सहावं वचन मात्र भेटायला आलेल्यांनी म्हणावं. त्या घडीला घरच्यांकडे भरवसा नसेल, तर तो मंडळीने त्यांच्यासाठी धरायचा असतो. सगळं वीस मिनिटांत आटपावं.

हे बिघडतं ते त्या दोन मिनिटांत. शांतता सोसवत नाही म्हणून कोणीतरी गाणं उचलतं, नाहीतर उपदेश सुरू करतं. बायबलमध्ये मुलं, धन, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तोवर ते मित्र होते. चौथ्या अध्यायापासून ते कारणं सांगू लागले आणि ४२:७ मध्ये देव रागावतो तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही.

करारी
पिंपळपार, मित्रांचं सांगितलंत, पण ईयोबाचं राहिलं. मुलं गेल्याची बातमी आली त्याच दिवशी तो भुईवर पडून नमन करतो आणि परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याच्या नावाचा धन्यवाद असो, असं म्हणतो (१:२१). उपकारस्तुती पहिल्याच दिवशी आली, तिने आठवडे लावले नाहीत. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मधली आज्ञाही सर्व स्थितींसाठी आहे, शोकासाठी तिथे सवलत दिलेली नाही.

वधस्तंभावर प्रभूने स्तोत्र २२ चं पहिलं वचन उच्चारलं. तेच स्तोत्र बाविसाव्या वचनापासून स्तुतीकडे वळतं आणि एकतिसाव्यापर्यंत स्तुतीतच राहतं. तक्रारीवर थांबणाऱ्या सभेतून माणूस घरी काय घेऊन जाईल? पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्या बळामागे स्तुतीची रोजची सवय असते. ती सवय मोडायला सांगू नका, एवढीच कळकळीची विनंती.

वसईचा_वारा
करारी, स्तोत्र २२ वळतं हे खरं, पण एकवीस वचनं आक्रोश झाल्यावर. आणि स्तोत्र ८८ तर वळतच नाही. अठरा वचनं आणि शेवट अंधारात. कॅथलिक प्रहर-प्रार्थनेत, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांत, हेच स्तोत्र दर शुक्रवारी रात्री झोपण्याआधी म्हणतात, म्हणणाऱ्याच्या घरी त्या दिवशी आनंद असो वा दुःख. विलापाचीही सवय लागते, ती अशी. दुःख आल्यावर शब्द शोधत बसावं लागत नाही, ते आधीच तोंडात बसलेले असतात. म्हणून ही स्तोत्रं सुखाच्या दिवसांत पाठ करावीत. आमच्या पंचांगात पवित्र शनिवारही आहे, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या रविवारामधला. त्या दिवशी वेदीवर काही आच्छादन नसतं आणि रात्रीच्या जागरणापर्यंत मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, होत नाही. रविवार येणार हे ठाऊक असूनही शनिवार कोणी गाळत नाही.

आजारपणाबद्दलही एक सांगतो. आजाऱ्याला प्रार्थनेचं पवित्र तेल लावायला फादरांना फार उशिरा बोलावतात. तेल म्हणजे शेवट, हा समज घराघरांत पक्का आहे. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये या संस्काराची रीत बदलली आणि तो गंभीर आजाऱ्यांचा संस्कार आहे हे स्पष्ट केलं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. रुग्ण शुद्धीवर असताना बोलावलं तर तो स्वतः उत्तरं देतो, पापनिवेदन करू शकतो, ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊ शकतो. बेशुद्धीत यातलं बहुतेक राहून जातं.

रात्रपाळी
तेलाचा विषय निघालाच आहे तर याकोब ५:१४ चा जो गैरवापर होतो त्यावर बोलायला हवं. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पुढाऱ्यांनी, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, एवढंच तिथे आहे. 'गोळ्या बंद करून विश्वास दाखव' असं कुठेही नाही. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, मानसिक आजारावरची औषधं अचानक सोडली तर जिवावर बेततं, आणि नंतर घरच्यांना ऐकवतात की तुमचाच विश्वास कमी पडला. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तरी काटा निघाला नाही. यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी होता?

भेटायला जाणाऱ्यांनी प्रार्थनेइतकंच लक्ष झोप, जेवण आणि औषधांच्या वेळांकडे द्यावं. 'मलाही त्याच्याकडे जायचंय' असं कोणी म्हणालं तर ती स्वर्गाची ओढ समजून 'आमेन' म्हणू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

करारी
रात्रपाळी, औषधांबद्दल तुमचा शब्दन् शब्द मान्य. औषध हेही देवाचंच देणं आहे. पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. नुसत्या विलापात एक धोका असतो, तो वर कोणी मांडला नाही. त्याच त्या तक्रारीभोवती माणूस फिरत राहतो आणि जमलेले प्रत्येक वेळी माना डोलावतात. म्हणून पिंपळपार यांच्या वीस मिनिटांत शेवटचं एक वाक्य घरच्यांनी स्वतः म्हणावं. त्यांच्या माणसाबद्दलचा एकच उपकार, नाव घेऊन. 'त्याच्या हातचं शिक्षण आम्हाला मिळालं, प्रभू, तुझे उपकार.' मृत्यूबद्दल आभार मानायला मी सांगत नाही, त्या माणसाबद्दल सांगतोय.

पिंपळपार
मृत्यूचे आभार आणि माणसाबद्दलचे आभार हा फरक बहुतेक सभांत पाळला जात नाही. पाळला तर माझा विरोध बराच कमी होईल. पण 'म्हणावं' नको, 'म्हणावंसं वाटलं तर' हवं. मूल गेलेल्या आईला पहिल्या आठवड्यात चारचौघांत हे वाक्य म्हणायला लावणं मला आजही चूकच वाटतं. चाळिसाव्या दिवसाच्या किंवा वर्षाच्या प्रार्थनेत ते ठेवा. नाहीतरी तिसऱ्या महिन्यापर्यंत भेटायला येणारे संपलेले असतात. पाळकांनी पहिल्याच दिवशी वहीत मृत्यूची तारीख, तीन महिन्यांनंतरची तारीख, वाढदिवस आणि पहिला नाताळ लिहून ठेवावा, आणि त्या चार दिवशी दोघांनी त्या घरी जावं.