चाल तीच, ठेका वेगळा: कव्हरला पुन्हा परवानगी का मागायची?

तिहाई
समजा मी एका गाण्याचं कव्हर करतोय, म्हणजे दुसऱ्याचं गाणं माझ्या आवाजात रेकॉर्ड करतोय. चाल आणि शब्द जसेच्या तसे. लय मात्र निम्मी, तबला-ढोलक काढून नुसती गिटार, मधल्या म्युझिकच्या जागी आलाप. रॉयल्टी भरायला मी तयार आहे. तरी या बदलांसाठी वेगळी परवानगी लागावी का?

माझ्या मते नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात (कलम ११५) ठरलेली रॉयल्टी भरली की गाणं ध्वनिमुद्रित करता येतं, आणि गाणाऱ्याच्या शैलीला जुळेल इतपत अरेंजमेंट (लय, वाद्यं, मधलं म्युझिक यांची मांडणी) बदलायची मुभा त्यातच येते. मूळ चाल आणि गाण्याचा गाभा तेवढा हलवायचा नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कव्हरसाठी ३१सी कलम आलं. त्यात रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला बदल करायची सोय नाही. मालकानं किंवा त्याच्या संमतीनं तो आधीच झालेला असेल तरच. म्हणजे गायकानं झेरॉक्स काढायची! तसंच ऐकायचं तर मूळ गाणं आहे की, माझं कोण कशाला ऐकेल?

चालकरीण
मी चाली बांधते, त्यामुळे पलीकडच्या बाजूनं बोलते. माझं एक विलापाचं गाणं एकानं नाचाच्या ठेक्यावर नेलं. सूर एकही इकडचा तिकडे झाला नाही. ऐकताना मला स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटलं. अमेरिकेतला ‘गाभा’ कोण ठरवणार? आमच्यासाठी लय हाच कधीकधी गाभा असतो.

मंद्रसप्तक
ताई, दुःख समजलं, पण परवानगी तुमच्याकडे कुठे मागतात? हक्क कंपनीला लिहून दिलेले असले की होकार-नकार कंपनीचा. पैसे बरे मिळाले तर तुमच्या विलापाची लावणीसुद्धा होईल, रीतसर परवानगीनं.

चालकरीण
म्हणून तर आपल्या कायद्यात ५७ वं कलम आहे. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागत असेल, तर कर्ता दाद मागू शकतो. अर्थात कोर्टात जाऊन ते सिद्ध करायचं मीच. परवानगी आधी मागितली असती तर निदान एक फोन तरी आला असता.

कलमकसाई
दोघंही भावनेत वाहताय. तिहाई, तुम्हाला अरेंजमेंटची एवढी चिंता, पण ३१सी मध्ये त्याआधीच दोन भिंती आहेत. पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. आणि रॉयल्टी आगाऊ, दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. एकटा गिटार घेऊन बसणारा माणूस ५०,००० प्रतींचे पैसे आधी भरेल? हे सगळं कॅसेट-सीडीच्या काळातलं गणित. शिवाय हे फक्त ध्वनिमुद्रणापुरतं. व्हिडिओला अमेरिकेतही ११५ चालत नाही, तिथे मालकाशीच बोलणी करावी लागतात.

आणि एक गंमत. त्याच ११५ नुसार तुमची अरेंजमेंट मालकाच्या संमतीशिवाय तुमची स्वतंत्र कृती म्हणून संरक्षित होत नाही. तुम्ही रात्री जागून केलेला आलाप कुणी उचलला, तर अरेंजमेंटच्या हक्कावर बोट ठेवता येणार नाही.

तिहाई
हे माहीत नव्हतं. चिडचिड झाली खरी. तरी मला तोच सौदा परवडतो: हक्क नको, पण बदलू द्या. भारतीय कायद्यात अरेंजमेंट सरळ ‘रूपांतरा’त धरलीय, म्हणजे एखादं गाणं कादंबरीवरून नाटक करावं तितकं बदललं असं समजायचं. ठेका बदलणं आणि नाटक लिहिणं एकाच तराजूत?

मंद्रसप्तक
+१. शास्त्रीय गायक तीच बंदिश रोज वेगळी गातो, त्याला कुणी विचारत नाही.

चालकरीण
बंदिशीचा कर्ता जाऊन साठ वर्षं झाली असतील, तर कायदाही विचारत नाही. मी अजून जिवंत आहे, म्हणून विचारा एवढंच म्हणतेय. तिहाई, तुमचं निम्म्या लयीतलं प्रकरण मला आवडेलही कदाचित. आधी ऐकवा.

तिहाई
ऐकवायचं म्हणजे आधी रेकॉर्ड करायला हवं ना!