शरदातले वाळवंट आणि चाकांवरचे घर : आपले अनुभव लिहा

रानजाई

काल गराज आवरताना जुन्या सतरंजीत गुंडाळलेल्या पाच लाकडी फळ्या सापडल्या आणि हातातले काम तसेच राहिले. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी अमेरिकेत पंचवीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेऊन लास व्हेगासहून झायन, ब्राइस कॅन्यन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन असा तीन आठवड्यांचा प्रवास केला, त्या प्रवासातल्या या फळ्या. मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी समपातळीत आहे की नाही हे आधी पाहावे लागे, कारण गॅसवर चालणारा तिचा फ्रिज तिरप्या जागी नीट थंड होत नाही. हे बाहेर चाकांपुढे फळ्या मांडून गाडी त्यांवर चढवत आणि मी आत ओट्यावर स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घेऊन तिच्याकडे डोळे लावून बसे. पाणी ज्या बाजूने ओघळे ती बाजू खाली, एवढा साधा हिशेब होता. "अहो, डावीकडे अजून बोटभर," असे मी खिडकीतून सांगितले की ते एक फळी वाढवत. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही कामे वाटून घेतली होती. एकच काम दोघांनी मिळून रोज करण्याची सवय या वाटीने लावली.

शरद ऋतू आम्ही विचार करूनच निवडला होता. तिकडे जुलै ते सप्टेंबर हा वळिवासारख्या पावसाचा काळ असतो आणि कोरडे ओढे पाहता पाहता भरून वाहतात. उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको, डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झालेली आहे. ऑक्टोबरात दिवस उबदार असतात, मात्र वाळवंट म्हटले की थंडीचा विचार आपल्या मनात येत नाही, तिथे आमची चूक झाली. ब्राइस कॅन्यनचा काठ ८००० फुटांहून उंच आहे. पहिल्याच रात्री पाण्याची नळी जोडलेली ठेवून आम्ही झोपलो आणि सकाळी ती काठीसारखी ताठ झालेली होती. त्यानंतर रोज संध्याकाळी नळी काढायची, दोघांनी दोन टोके धरून तिच्यातले पाणी झटकायचे आणि ती गुंडाळून आत ठेवायची, हा नेम झाला.

झायनहून पूर्वेकडे जाताना १९३० साली पूर्ण झालेला १.१ मैलांचा बोगदा लागतो. त्याचे छत कमानीचे असल्यामुळे आमच्यासारखी उंच गाडी आपल्या बाजूच्या पट्ट्यातून गेली तर घासण्याची भीती असते. तेव्हा १५ डॉलरचा परवाना घेतला की उद्यानाचे कर्मचारी समोरची वाहतूक थांबवत आणि आपण रस्त्याच्या मधोमध चालत असू. मोठ्या वाहनांचे तिथले नियम बदलत आले आहेत, त्यामुळे जाणाऱ्यांनी ताज्या सूचना पाहूनच वाट ठरवावी. डोंगर फोडून ठेवलेल्या खिडक्यांतून क्षणभर लाल कडे दिसतात आणि पुन्हा अंधार होतो. ह्यांनी तो मैलभर एक शब्दही उच्चारला नाही. बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेऊन त्यांनी माझ्याकडे पाणी मागितले.

कोजागरीला आम्ही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर होतो. तो काठ सुमारे ७००० फुटांवर आहे आणि तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. डाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागत आणि दूधही अंदाजापेक्षा लवकर वर आले. केशर आणि चारोळी घातलेले ते दूध थर्मासात भरून आम्ही काठावर गेलो. वरचा चुनखडीचा फिकट थर चांदण्यात पिठासारखा पांढरा दिसत होता आणि त्याच्या खाली काहीच दिसत नव्हते, फक्त खूप खोल काहीतरी आहे एवढे जाणवत होते. दूध गार होईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

या वर्षी डोळ्यांच्या तक्रारीमुळे ह्यांनी गाडी चालवणे कायमचे थांबवले आहे. म्हणून त्या फळ्या पाहून मन भरून आले. आपल्यापैकी ज्यांनी उतारवयात असा प्रवास केला असेल, किंवा आईवडिलांना घडवला असेल, त्यांनी जरूर लिहावे.

देवराई

रानजाईताई, दक्षिण काठावर मुक्काम होता तर यावापाई पॉइंटपासून निघणारी 'ट्रेल ऑफ टाइम' ही वाट आपण चाललात का? तिथला प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरले आहे आणि वाटेत त्या त्या काळातले खडक मांडून ठेवले आहेत. मी भूगोलाचा शिक्षक होतो. सौभाग्यवतींना मी तिथे सांगितले की आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या हिशेबाने अवघ्या ६६ मीटरवर येतो. ती तेवढे अंतर चालून थांबली, मागे वळून पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे रायगड इथेच संपला? आणि अजून केवढे चालायचे आहे?" पुढे दरीच्या तळाचे जे खडक येतात, ते सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचे असून त्यांना 'विष्णू' हेच नाव आहे. दरीतल्या दोन शिखरांनाही क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात 'विष्णू टेंपल' आणि 'शिवा टेंपल' अशी नावे दिली. 'विष्णू' खडकाच्या नमुन्यावर तिने हात ठेवला आणि डोळे मिटून नमस्कार केला. मी आयुष्यभर मुलांना फळ्यावर कालखंड शिकवले, पण ते पायांनी मोजता येतात हे मला तिथे कळले.

खारीक

घाईत लिहिते आहे, कुकर लावला आहे. मोटरहोमच्या टाक्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. शौचालयाची काळी टाकी आधी रिकामी करावी आणि मोरी-न्हाणीच्या पाण्याची करडी टाकी नंतर, म्हणजे त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. भाड्याने गाडी देणाऱ्याने आम्हाला हे उलट सांगितले होते आणि त्याचा त्रास माझ्या सासऱ्यांना झाला. वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांनी हातमोजे घालून ते सगळे निस्तरले आणि मला जवळ फिरकू दिले नाही. ते आज नाहीत. काळजीवाहू माणूस कसा असतो हे मला त्या दिवशी दिसले.

उंबरठा

आम्ही दोघे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या बलून फिएस्टाला, म्हणजे गरम हवेच्या बलूनांच्या मेळ्याला, गेलो होतो. १९७२ साली १३ बलूनांनी सुरू झालेला हा मेळा आता एवढा वाढला आहे की एका सकाळी शेकडो बलून वर जातात. मैदानाजवळ मोटरहोमसाठी मोठा तळ असतो, पण आमच्या भागात वीज किंवा नळ नव्हता, त्यामुळे टाकीतले पाणी आम्ही अक्षरशः तांब्याने मोजून वापरले. पहाटे पाचला उठून, दोन स्वेटरांवर शाल घेऊन मैदानात गेलो. अंधारात आधी काही मोजके बलून दिवे लावून वर जातात, वारा कसा आहे ते पाहण्यासाठी. अल्बुकर्कीत शरदातल्या थंड सकाळी पुष्कळदा खालचा वारा दक्षिणेकडे वाहतो आणि वरचा उत्तरेकडे. त्यामुळे बलून खालून पुढे जातो, उंच चढतो आणि वरच्या वाऱ्यावर निघालेल्या ठिकाणाजवळ परत येतो. सोनेरी लोलक सोडल्यासारखे ते दृश्य असते.

मला सर्वांत आवडले ते हे की प्रेक्षकांना दोरीपलीकडे उभे करत नाहीत. जमिनीवर पसरलेले कापड पंख्याने फुगत असताना आपण त्याच्या शेजारी उभे असतो. मग ज्योत सोडली की तोंडावर चुलीसारखी ऊब येते आणि ते एवढे मोठे कापड हळूच उठून उभे राहते. एका चमूतल्या आजोबांनी माझ्या यजमानांच्या हातात दोर दिला आणि खूण करेपर्यंत सोडू नका म्हणून सांगितले. माझे यजमान बँकेत होते, बोलणे कमी. दोर सोडल्यानंतरही बराच वेळ त्यांनी हात वर धरलेले होते.

सातवीण

उंबरठाताई, त्याच दिवसांत न्यू मेक्सिकोत मिरच्या भाजण्याचा वास आला असेल ना? जाळीच्या मोठ्या पिंपात हॅच गावच्या हिरव्या मिरच्या घालून ते ज्योतीवर फिरवतात.

उंबरठा

आला तर! बाजाराच्या आवारात शिरण्याआधी वास येतो. वीस पौंडांचे पोते भाजून घेतले. गाडीच्या बारक्या ओट्यावर साले काढून, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा केला. तिकडे उपाहारगृहात "लाल की हिरवी?" असे विचारतात आणि हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. ती मिरची आपल्या लवंगीपेक्षा मांसल आणि सौम्य असते, पण भाकरीबरोबर उत्तम लागते.

माणदेशी_वाट

सप्टेंबरअखेर जाणाऱ्यांसाठी एक गंभीर गोष्ट. फिनिक्स ते टुसॉन या रस्त्यावर मी आणि पत्नी जात असताना समोर तपकिरी भिंत उभी राहिली. आमचा गाव माणदेशातला, धुळीची वावटळ लहानपणापासून पाहिलेली, पण हे वेगळे होते. अॅरिझोनात शिकवतात ते असे : रस्त्यापासून शक्य तितके बाजूला उतरावे, गाडी थांबवून सगळे दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा. दिवे लावून ठेवावेत असे आपल्याला वाटते, परंतु मागून येणारा चालक त्या लाल दिव्यांनाच रस्ता समजून येऊन आदळतो. आम्ही अंधारात बसलो. वाऱ्याने गाडी होडीसारखी डुलत होती आणि ओट्याखालची भांडी वाजत होती. पत्नी मारुतीस्तोत्र म्हणत होती. तिसऱ्यांदा म्हणून झाले तेव्हा काचेपलीकडे विजेचा खांब दिसू लागला. पंचवीस फुटी गाडी उंच असते, वारा तिला सहज धरतो. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मुक्काम वाढवावा, निवृत्त माणसाला कुठे हजेरी लावायची असते?

कवडसा

आम्ही बुलढाण्याचे असल्यामुळे अॅरिझोनातल्या विन्स्लोजवळचे उल्काविवर पाहायचेच होते. ते सुमारे १२०० मीटर रुंद आहे आणि आपले लोणार त्याहून मोठे. पण तिथे तळे नाही, झाड नाही. कोरड्या हवेमुळे कडा कालच घडल्यासारखी दिसते. बाबा काठावर उभे राहून म्हणाले की लोणारचा जन्म झाला तेव्हा ते असे दिसत असेल.

आणखी एक, घड्याळाविषयी. अॅरिझोनात उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणे) पाळत नाहीत, परंतु तिथल्या नावाहो या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात पाळतात आणि त्याने वेढलेल्या होपी प्रदेशात पुन्हा पाळत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत नावाहोंची ट्यूबा सिटी आणि तिला लागून असलेले होपींचे मोएनकोपी यांच्यात एका तासाचा फरक असतो. बाबांच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या इन्सुलिनच्या वेळा फोनवर लावलेल्या होत्या आणि फोन दिवसातून तीनदा बदलत होता. शेवटी आईने आपले चावीचे घड्याळ काढून ओट्यावर ठेवले आणि सगळ्यांनी त्याच वेळेने जेवावे असे ठरवले.

दूरगाव

ज्यांना ६२ वर्षे पूर्ण झाली आहेत आणि जे अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी आहेत, त्यांना राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा आजीव पास मिळतो. आम्ही तो ८० डॉलरला घेतला. पुष्कळ सरकारी तळांवर त्याने मुक्कामाचे भाडेही निम्मे होते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र तो मिळत नाही. पास आधी काढा, आरक्षण करताना त्याचा क्रमांक लागतो.

गोकर्ण

रानजाईताई, आपल्या यजमानांच्या डोळ्यांविषयी वाचून वाईट वाटले. माझ्या यजमानांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी ६४ वर्षांची होते आणि आमची चोवीस फुटी गाडी मी कधीच चालवलेली नव्हती. रविवारी सकाळी बंद दुकानांच्या रिकाम्या आवारात पाण्याच्या बाटल्या उभ्या करून मी चार आठवडे सराव केला. त्यानंतर अॅरिझोनातल्या युमापर्यंत मीच नेली.

रानजाई

गोकर्णताई, हे वाचून मी उठून बसले. आपल्याला सर्वांत कठीण काय गेले, वळण की मागे घेणे?

गोकर्ण

वळण. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो लांब भाग असतो तो आपण उजवीकडे वळलो की डावीकडे बाहेर जातो. पेट्रोल पंपावर खांबाला लागते ते बहुधा यामुळेच. पंपापासून आधी सरळ पुढे यावे आणि मगच स्टिअरिंग वळवावे. मागे घेताना कोणीतरी बाहेर उभे असावे आणि ते आरशात दिसेनासे झाले की लगेच थांबावे. हे दोन नियम मी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवले होते.

रानजाई

आपला निरोप ह्यांना वाचून दाखवला. पुढच्या रविवारी लेकाच्या मोठ्या व्हॅनवर सुरुवात करणार आहे. बाटल्या भरून ठेवल्या आहेत. फळ्या हे मांडतील, गाडी त्यांवर मी चढवीन. वाटीतले पाणी कुठल्या बाजूने ओघळते ते बोट लावून पाहता येते, असे त्यांनीच आज सांगितले.