एक्स्पिडाइट ट्रक: कंपनी बघायची की गाडीमालक?

डेटनहून:

मंडळी, नमस्कार.

इथे ओहायोत गोदामातली नोकरी गेली, तेव्हापासून मी आणि बायकोने जोडीने एक्स्पिडाइटचा, म्हणजे तातडीचा माल पोहोचवणारा, स्ट्रेट ट्रक (केबिन आणि मालाचा डबा एकाच सांगाड्यावर असलेला) चालवायचं मनावर घेतलं आहे. ग्रीन कार्ड दोघांकडे आहे. ट्रक २६,००० पौंडांच्या आतला, त्यामुळे सीडीएल (मोठ्या गाड्यांचा व्यावसायिक परवाना) लागत नाही. मेडिकल कार्डं (तब्येतीचे दाखले) काढून झाली. स्वतःचा ट्रक घेण्याची आत्ता ऐपत नाही, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर बसणार. दोन मालकांशी बोलणं झालंय. पहिला म्हणतो, लोडच्या (खेपेच्या) भाड्यातले ६० टक्के आणि सगळा फ्युएल सरचार्ज (डिझेलपोटी गिऱ्हाइकाकडून घेतलेली वेगळी रक्कम) तुमचा, डिझेल तुम्ही भरायचं. दुसरा ४० टक्के देतो, डिझेल त्याचं. पहिल्याची गाडी मोठ्या नावाच्या कंपनीत लागली आहे, म्हणजे लोड ती कंपनी देते, दुसऱ्याची लहान कंपनीत. घरचे म्हणतात, मोठं नाव धरा. मंडळात कोणी या धंद्यातलं असेल तर कृपया सांगा.

---

टोलिडोहून:

अरे, दोघांनी मिळून ठरवलंत हे फार चांगलं झालं. मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे, आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर, आता स्वतःच्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही राहता तो भाग या धंद्याचं माहेरघर आहे. ॲक्रनची रॉबर्ट्स एक्स्प्रेस पुढे फेडएक्स कस्टम क्रिटिकल झाली. मेडिनाची पँथर २०१२ साली आर्कबेस्टने घेतली. बोल्ट आमच्या टोलिडोची, लोड वन डेट्रॉइटजवळच्या टेलरची. कारण एकच, मोटारींचे कारखाने. एका सुट्या भागापायी असेंब्ली लाइन थांबली तर नुकसान इतकं होतं, की एका पॅलेटसाठी अख्खा ट्रक रात्रीतून पाठवणं परवडतं. म्हणून कंपनी निवडताना तिची गिऱ्हाइकं कोण हे विचार. नुसत्या मोटारींवर चालणारी कंपनी जुलैत कारखाने बंद झाले आणि नाताळात पुन्हा बंद झाले की थंडावते. औषधं, विमानांचे भाग, सरकारी माल असंही काही असेल तर ते आठवडे निभावतात.

पण तुला पैसा कंपनी देणार नाही, मालक देणार. इथेच बहुतेकांचं लक्ष चुकतं. ट्रक भाडेकराराने कंपनीला लावण्याबद्दल केंद्र सरकारचे नियम आहेत, ४९ सीएफआर (केंद्रीय नियमसंग्रह), भाग ३७६. करार लेखी हवा. मालकाला टक्केवारीवर पैसे मिळत असतील तर मूळ फ्रेट बिलाची (गिऱ्हाइकाला लावलेल्या भाड्याच्या बिलाची) प्रत बघण्याचा त्याला हक्क आहे. डिलिव्हरीचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार संपल्यावर एस्क्रोची, म्हणजे कंपनीने अनामत ठेवून घेतलेली, रक्कम ४५ दिवसांत परत करायची. पण हे सगळं संरक्षण आहे कंपनी आणि गाडीमालक यांच्यामधलं. तू मालकाचा ड्रायव्हर, तुझ्यापर्यंत ते येत नाही. तुझे ६० किंवा ४० टक्के नेमके कशाचे, हे तुला फक्त मालकच दाखवू शकतो.

म्हणून दोघांनाही एकच गोष्ट माग: कंपनीकडून आलेलं मागच्या महिन्याचं सेटलमेंट (हिशेबाचा कागद), काहीही न खोडता. एका-एका लोडची रक्कम, सरचार्ज, कापलेले पैसे सगळं त्यात असतं. जो मालक ते दाखवतो आणि दर आठवड्याला तुझ्या सेटलमेंटसोबत प्रत देईन असं करारात लिहून देतो, त्याच्याकडे टक्का कमी असला तरी मी जाईन. ‘विश्वास ठेवा, घरच्यासारखे आहात’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, तो आपल्या गावचा असला तरी.

आता ६० आणि ४०. समज, ६०० मैलांचा लोड आहे, भाडं १,२०० डॉलर, सरचार्ज २४०. पहिल्याकडे तुझे ७२० अधिक २४०, म्हणजे ९६०. लोड उचलायला २०० मैल रिकामं जावं लागलं तर एकूण ८०० मैल. गॅलनला १० मैल आणि डिझेल ४ डॉलर धरलं तर ३२० गेले, हातात ६४०. दुसऱ्याकडे सरळ ४८०. इथवर पहिला बरा. पण रिकामे मैलही ६०० झाले तर डिझेल ४८० आणि तुझ्या हातात ४८०, दोघे सारखेच. त्यापुढचा प्रत्येक रिकामा मैल तुझ्या खिशातून. फ्लोरिडात माल भरपूर जातो, बाहेर येतो फार थोडा. तिथून अटलांटापर्यंत रिकामं यावं लागलं की हे गणित कळतं. शिवाय जानेवारीत लोडची वाट बघत रात्र काढली तर हीटरसाठी इंजिन चालू, तासाला अर्धा-पाऊण गॅलन. गाडीला एपीयू (मुख्य इंजिन बंद ठेवून वीज आणि ऊब देणारं छोटं यंत्र) किंवा डिझेल हीटर आहे का, हे ६० टक्केवाल्याला आधी विचार.

उरलेल्या गोष्टी करारात आहेत का बघ. टोल कोणाचा? गिऱ्हाइकाने थांबवून ठेवलं तर डिटेन्शनमधला (थांबण्याच्या भरपाईतला) वाटा किती? गाडी बंद पडली तर हॉटेल कोण भरणार? लोड नाकारला तर काही शिक्षा?

दोन्ही कंपन्यांचे डीओटी नंबर (वाहतूक खात्याचे नोंदणी क्रमांक) घेऊन एफएमसीएसएच्या (ट्रकवाहतुकीची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) सेफर या वेबसाइटवर टाक. विमा चालू आहे का, तपासणीत किती गाड्या आणि ड्रायव्हर जागेवरच थांबवले गेले, सगळं फुकट दिसतं. मोठ्या नावावर विसंबू नकोस. डिसेंबर २०१९ मध्ये इंडियानापोलिसची सेलाडन दिवाळखोरीत गेली, तेव्हा घरापासून लांब असलेल्या ड्रायव्हरांची फ्युएल कार्डं चालेनाशी झाली होती. तीही मोठीच कंपनी होती.

---

डेट्रॉइटहून:

टोलिडोच्या भाऊजींनी पैशाचं सगळं सांगितलंय. मी तुझ्या बायकोसाठी लिहिते. आम्ही दोघं नवरा-बायको जोडीने चालवायचो.

करारावर तिचंही नाव आणि सही हवी आणि तिचा वाटा तिच्या खात्यात यायला हवा. पुष्कळ मालक नवऱ्याशी बोलतात आणि बायकोला गृहीत धरतात. ती निम्मं अंतर चालवते. तिला सगळं माहीत हवं, डिस्पॅचरचा (कंपनीतून लोड देणाऱ्याचा) फोनसुद्धा तिने घ्यायला हवा.

दुसरं, स्लीपर (केबिनमागची झोपायची जागा) स्वतः आत चढून बघा. जोडीच्या गाडीत एकजण चालवतो तेव्हा दुसऱ्याला खरोखर झोप लागली पाहिजे. कायद्याने ११ तास चालवता येतं, १४ तासांच्या आत, आणि मग १० तास विश्रांती. पण गादी खराब असेल, सस्पेन्शन दणके देत असेल तर ते १० तास कागदावरच राहतात. फ्रिज आणि स्वयंपाकापुरता इन्व्हर्टर असेल तर खर्च पुष्कळ वाचतो, तब्येतही राहते.

कोणी स्ट्रेट ट्रकऐवजी कार्गो व्हॅन सुचवली तर थांबून विचार करा. १०,००१ पौंडांखालच्या व्हॅनला, घातक माल नसेल तर, हे तासांचे नियम लागूच नाहीत. काही मालक याचा फायदा घेऊन दमलेल्या माणसाला पुढे ढकलतात. नाही म्हणायचा हक्क लेखी घ्या.

आणि इंग्रजी. जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात. तुम्हा दोघांना अडचण येऊ नये, पण लॉगबद्दलची (चालवलेल्या तासांच्या नोंदीबद्दलची) उत्तरं सफाईने देता येतील एवढा सराव करून ठेवा.

---

कोलंबसहून:

मी करसल्लागार आहे, थोडक्यात लिहितो. दोन्ही मालक १०९९ वर (नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) ठेवणार असतील तर ऐकलेल्या आकड्यातून १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स मनात वजा करा, आयकर वेगळा. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला हप्ता भरायचा. घराबाहेर काढलेल्या दिवसांचा, दिवसाला ८० डॉलर पर डिएम (जेवणखाणाचा ठरावीक खर्च) धरता येतो आणि त्याच्या ८० टक्के वजावट मिळते. पगारी ड्रायव्हरला ही वजावट २०१८ पासून नाही. मात्र गाडी मालकाची, खर्च मालकाचा आणि काम कसं करायचं हेही मालकच ठरवणार, असं असेल तर आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) कसोट्यांवर तुम्ही बहुधा नोकर ठरता, १०९९ दिला तरी. दोघांपैकी कोणी डब्ल्यू-टू (पगारी नोकरी) देत असेल तर वर्कर्स कॉम्पसुद्धा (कामावर इजा झाल्यास भरपाई) मिळेल. नसेल तर ऑक्युपेशनल ॲक्सिडेंट (कामावरच्या अपघाताचा) विमा कोण भरणार, ते आजच विचारा.

---

डेटनहून:

काका, वहिनी आणि कोलंबसचे सर, मनापासून आभार. दोघांनाही सेटलमेंट मागितलं. ४० टक्केवाल्याने संध्याकाळीच पाठवलं, मूळ कागद, वर कराराचा मसुदा दोघांच्या नावाने. ६० टक्केवाला म्हणाला, ते कंपनीचं गोपनीय असतं. शनिवारी आम्ही दोघं ४० टक्केवाल्याची गाडी बघायला जातोय. काय काय बघू?

---

टोलिडोहून:

स्वतःच्या सेटलमेंटमध्ये गोपनीय काही नसतं. तुझा निर्णय बरोबर आहे.

शनिवारी वार्षिक तपासणीची तारीख बघ, १२ महिन्यांच्या आतली हवी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) शेवटचा कधी साफ केला त्याची पावती माग. या गाड्या रस्त्यात अडतात त्या बहुधा त्यापायीच. टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मार. इंजिन थंड असताना स्वतः सुरू कर, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दोन तासांनी परत जा. आणि शक्य झालं तर त्या गाडीवरच्या आधीच्या ड्रायव्हरचा नंबर माग. त्याला एवढंच विचार, शेवटच्या आठवड्याचे पैसे मिळाले का.