लायब्ररी 'बसवायची' की 'स्थापित करायची'?

दांडियाबाजार: गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपणारी प्रणाली. पायथॉन भाषेतून तिची रिपॉझिटरी, म्हणजे त्या बदलांचा साठा, कशी हाताळायची, याचं मराठी टिपण बडोद्यातल्या मुलांसाठी लिहितोय. वाक्य होतं, 'पायगिट२ वापरायचं तर आधी लिबगिट२ बसवावी लागते.' (दोन्ही लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार कोडचे संच; पायगिट२ लिबगिट२च्या जोरावर चालतं.) तपासणाऱ्या बाईंनी 'बसवावी' खोडून 'स्थापित करावी' केलं. म्हणे 'बसवणे' बोलीतलं. गणपती बसवतो, घट बसवतो, विहिरीवर पंप बसवतो. मग लायब्ररीनंच काय घोडं मारलंय?

जुना कामगार: बसवणेच. चाळीतले आम्ही सगळे कारखान्यात मशिनं बसवत आलो, 'स्थापित' कुणी केली नाहीत. मराठीत संस्था स्थापन होते, राज्य स्थापन होतं. हा 'स्थापित' कॉम्प्युटरच्या हिंदी पडद्यावरून घुसलाय.

माहेर इंदूर: आमच्या इंदुरात मोबाइलमध्ये ॲप सर्रास 'डालतात', आणि बडोद्याला आल्यापासून माझी मुलं 'नाखून दे' म्हणतात. मला दोन्ही टोचतं. साधं 'टाकणे' आहे की!

जुना कामगार: टाकणे म्हणजे फेकणेही. 'लायब्ररी टाकली' म्हटल्यावर कोणी डिलीट करून बसेल.

कोडवाला: शब्दाआधी वाक्य बघा. पिपने (पायथॉनची पॅकेजं उतरवणारं साधन) पायगिट२ घेतलं की बहुतेक मशिनांवर व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, उतरतं आणि लिबगिट२ त्याच्या पोटातच असते. वेगळी लागते ती सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून बांधताना. हेडर (लायब्ररीत काय आहे ते सांगणारी फाइल) नसेल तर कंपायलर 'गिट२.एच' सापडत नाही म्हणून थांबतो. हेडर असून आवृत्ती जुळली नाही तरी बांधणी अडते. सगळं नीट होऊनही कधी इंपोर्ट करताना एरर येते, कारण लायब्ररीची फाइल यूएसआर-लोकल-लिब या फोल्डरमध्ये असते पण ती शोधून उघडणाऱ्या लोडरला दिसत नाही. लिनक्सवर एलडीकॉन्फिग ही आज्ञा चालवली की दिसते. याला मी 'बसवली, पण बसली नाही' म्हणतो. 'स्थापित'मध्ये हा फरक सांगून दाखवा. म्हणून माझ्या लेखी तीन क्रियापदं: उतरवणे, बांधणे, बसवणे.

दांडियाबाजार: व्हीलची दुरुस्ती करतो, आभार. आणि 'बसली नाही' तर टिपणात घेतोच.

शुद्धमराठी: क्रियापदावर एवढं भांडताय आणि 'लायब्ररी' तशीच? ज्या गावात सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयं उभी केली, तिथल्या माणसाला 'ग्रंथालय' लिहायला लाज वाटावी?

माहेर इंदूर: लाजेचा प्रश्न नाही. 'आधी ग्रंथालय बसवा' वाचून मुलगा मांडवीतल्या ग्रंथालयाकडे चालू लागेल.

शुद्धमराठी: सवय केली की होते. 1931 साली याच संस्थानानं 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी पर्याय देणारा. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, कशाला हवंय.

कोडवाला: कारभाराचे शब्द एका संस्थानाच्या हातात होते. इथे एरर इंग्रजीत येते. मुलाला तीच ओळ शोधावी लागते. 'लायब्ररी' राहू दे. 'रिपॉझिटरी'ला मात्र मराठी शब्द हवा. 'भांडार' ऐकलं की मला सहकारी भांडारातली साबणाची वडी आठवते.

जुना कामगार: कोठी! आजीची धान्याची कोठी, गुजरातीतही कोठी.

शुद्धमराठी: बडोद्यात कोठी म्हटलं की सरकारी कचेरी. आणि कोठीत धान्य नुसतं साठतं, कालचं आणि परवाचं वेगळं राहत नाही. गिटमध्ये प्रत्येक कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, राहतो. त्याला 'दफ्तर'च. पेशवे दफ्तर म्हणतो ना आपण?

माहेर इंदूर: दफ्तर फारसी. आत्ताच 'लायब्ररी' परकी म्हणत होतात!

शुद्धमराठी: मुळात ग्रीक, 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं. फारसीमार्गे आला, तोही शतकांपूर्वी. रुळलेला शब्द परका नसतो.

जुना कामगार: मग लायब्ररीला रुळायला किती शतकं देणार? आणि दफ्तर म्हटलं की नातवाला शाळेची बॅगच दिसते. मी कोठीवर ठाम आहे.

कोडवाला: कोठीत तळाशी भोक असतं, बोळा काढला की सगळ्यात जुनं धान्य आधी बाहेर पडतं. गिट लॉग, म्हणजे कमिटांची यादी, सगळ्यात नवा कमिट आधी दाखवते. दफ्तराला माझं मत.