तुळईचं टोक भिंतीत कुजलंय, ठेकेदार म्हणतोय स्लॅब टाका

शनिवारपेठकर

मंडळी, जरा लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

पुण्यात शनिवार पेठेत ओंकारेश्वराकडे उतरताना आमचं घर आहे, १९०६ सालचं. आजेसासरे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. शिकले इथेच, आपल्या सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तेव्हा तिचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं. माडीवर त्यांची मोजणीची अवजारं मांडली आहेत. पितळी थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण), कापडावर चिकटवलेले नकाशे, आणि शंभर कड्यांची ६६ फुटी साखळी. त्यातल्या दोन कड्या गायब आहेत आणि त्या कुठल्या चुलत घराण्याकडून हरवल्या यावर दिवाळीला अजून वाद होतो. घरगुती ट्रस्ट आहे, तिकीट नाही, शाळांच्या सहली येतात.

माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या. त्यावर पूर्वी मातीचा कोबा होता. सासऱ्यांनी १९७८ मध्ये वर शहाबादी फरशी टाकली. १९८५ च्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, 'आता शंभर वर्षं बघायला नको' म्हणून. या पावसाळ्यात त्याच भिंतीकडे जमीन दोन बोटं खचली. खालून गिलाव्याचा पोपडा काढला तर तुळईचं टोक ओल्या केकसारखं. पेचकस सहज आत गेला. टोकापासून हातभर पुढे मात्र लाकूड ठणठणीत आहे.

एक ठेकेदार म्हणतो, लाकडाचं आयुष्य संपलं, सगळं काढून स्लॅब टाका. दुसरा म्हणतो, लोखंडी गर्डर घाला. तिसऱ्याने भिंतीचा लोणा (वर फुटलेले पांढरे क्षार) पाहून सांगितलं की हे सगळं पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचं पाणी. तळमजल्यावर १२ जुलै १९६१ ची खूण आहे खरी, माझ्या खांद्याच्याही वर. पण ती खाली, आणि कुजलंय वर!

डिसेंबरात चाळीस मुलांची सहल ठरली आहे. काय करू?

गुण्या

ताई, स्लॅब आणि गर्डर दोन्ही बाजूला ठेवा. आज पहिलं काम म्हणजे टेकू. टोकापासून दीड-दोन फुटांवर तुळईखाली आडवी फळी आणि तिच्याखाली टेकू. खाली फरशीवर थेट टेकवू नका, तिथेही लांब फळी घाला, म्हणजे वजन पसरेल. जॅकने तुळई उचलायला कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जे इतक्या वर्षांत हळूहळू खाली आलं ते एका दुपारी वर ढकललं की भिंत फाटते. आहे तिथे धरून ठेवायचं, बस.

सहल माडीवर नको. राहत्या खोलीला साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरतात, संग्रहालयाला त्याच्या दुप्पट. तुमच्या माडीचा हिशेब पहिल्या आकड्यावर झाला असणार, तोही सुताराच्या अंदाजाने. त्यात १९७८ ची फरशी. इंचभर शहाबादी म्हणजे चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास, खाली दोन इंच माल म्हणजे आणखी शंभर. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर हे सव्वादोन टनांच्या वर जातं. वर नकाशांची लोखंडी कपाटं असतील तर ती भिंतीलगत, म्हणजे नेमकी कुजलेल्या टोकावर असतील. आहेत ना?

आयुष्य संपलं म्हणणाऱ्याने टोकापासून हातभर अलीकडे लाकूड ठोकून पाहिलंय का? जुन्या सागाचा गाभा असा संपत नाही. कुजतं ते ओल्या भिंतीत पुरलेलं टोक, कारण तिथे हवा खेळत नाही, ओल वाळत नाही. ते कापायचं आणि नवं टोक जोडायचं. पाडलेल्या वाड्यातलं वाळलेलं सागवान मिळालं तर उत्तम. जोड लांब तिरका, बोल्ट मारून. किती लांब ते पाहिल्याशिवाय सांगणार नाही, कोणी फोटोवरून सांगितलं तर ऐकूही नका. टोक दगडी बैठकीवर बसवा आणि तीन बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडा.

आणि गर्डर? तोही शेवटी त्याच ओल्या भिंतीत बसणार. लोखंड गंजलं की फुगतं, विटा फोडतं.

चुन्याची निवळी

वरच्यांचं बरोबर, पण गुन्हेगार अजून मोकळाच आहे. पानशेत निर्दोष, साठ वर्षांपूर्वीचं पाणी आज माडीच्या उंचीवर लाकूड कुजवत नाही. पुराने क्षार आले असतील आणि खालचा लोणा थोडाफार त्याचा असेल, एवढंच. तुमचं पाणी रोजचं आहे. पन्हळ, मोरी, पाइप, जे काही त्या टोकाच्या वर आहे ते शोधा.

विटा आणि चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाळताना सोडून देते. दोन्हीकडून सिमेंट फासलं की प्यायची सोय राहते, भेगांतून, सोडायची बंद होते. गिलावा काढा, पण पूर्ण भिंतीचा एकदम नको. टोकाच्या आजूबाजूने सुरुवात करा आणि छिन्नी हलक्या हाताने. मग थांबा. गवंड्यांचा जुना ठोकताळा आहे, इंचाला एक महिना. अठरा इंची भिंत म्हणजे दीड वर्ष. हे ऐकून बहुतेक ट्रस्टी फोन ठेवतात.

नंतर चुना आणि सुरखीचा (विटांच्या पुडीचा) गिलावा. कळीचा चुना निदान काही आठवडे भिजलेला हवा. गूळ, बेलफळ, मेथी घातली की सगळं साधतं असं सांगणारे भेटतील; चुना नीट भिजला आणि घोटला नसेल तर गुळाने फक्त मुंग्या येतात. वर प्लास्टिक पेंट अजिबात नको.

अर्जदार

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरला परवानगी, आणि दुरुस्तीलाही अर्ज लागतो. आधी अंतर मोजून घ्या. महापालिकेच्या वारसा यादीत घर आहे का तेही हेरिटेज विभागात विचारा. यादीत असेल तर स्लॅबवाल्याला घालवायला आयतं कारण मिळेल.

शनिवारपेठकर

तीन आठवड्यांनी लिहितेय. कपाटं तिथेच होती, गुण्यादादा. दोन्ही. तुम्ही भिंतीआडून पाहिलंत की काय!

टेकू लागले. कपाटं रिकामी करून खाली आणली, नकाशे तात्पुरते माझ्या पलंगावर, मी दिवाणावर. पाणीही सापडलं. १९८५ मध्येच माडीवर न्हाणीघर काढलं होतं, त्याचा पाइप गिलाव्याच्या आत दडवलेला. बरोबर टोकाच्या वर त्याचं कोपर चिरलेलं. म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती आणि गळती एकाच महिन्यात बसवली होती. न्हाणीघर बंद केलंय. अर्जही दिलाय.

सहलीला तळमजल्यावरच मुलांना पाणीनळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, पातळी कशी काढतात ते दाखवायचं ठरवलंय. गवंड्याने तिनेच माडीची जमीन मोजली, ३८ मिलिमीटर खाली आहे. आमची दोन बोटं अगदी बरोबर.

एक काळजी आहे. त्याच भिंतीला भेग आहे, ती हलतेय का कळावं म्हणून तिच्यावर काचेच्या तीन पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवल्या होत्या. कपाटं हलवल्यावर दुसऱ्या दिवशी वरची तडकली. भिंत अजून सरकतेय का?

गुण्या

वजन उतरलं की तुळई किंचित मोकळी होते आणि भिंतही हलते. एका पट्टीवरून घाबरायचं कारण नाही. पण काच तडकली एवढंच कळतं. किती आणि कुठल्या बाजूला ते कळत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे ठोका, व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या कॅलिपरने) अंतर घ्या आणि वहीत लिहा. घरात ओव्हरसियरची परंपरा आहे, वेगळं सांगायला नको. आकडा वाढत गेला तर लगेच कळवा.

शनिवारपेठकर

सोमवारी खिळ्यांतलं अंतर ८२.४ मिलिमीटर. आज गुरुवारी ८२.४. व्हर्नियर शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलीचा आहे, ती परत मागतेय.